नाताळला घरातल्या आजी-आजोबांसोबत कोणती जुनी गाणी म्हणावीत?

आमच्या सोलापुरात तरी सुरुवात 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकापासूनच करा. त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदं आहेत, अभंगाच्या वळणाची. पेटी-टाळ निघाले की आजीला पुस्तक लागत नाही, उलट तीच आपलं कडवं दुरुस्त करते! पट्टी मात्र खालची धरा, लय संथ. दम लागला तर नुसतं ध्रुवपद त्यांना द्या.

मग 'सायलेंट नाइट'. ते १८१८ साली नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियात गिटारच्या साथीवर पहिल्यांदा गायलं गेलं, त्यामुळे पेटी नसली तरी अडत नाही.

'जिंगल बेल्स' नातवंडांसाठी शेवटी. त्यात नाताळचा उल्लेखही नाही, आणि बर्फातली घसरगाडी सोलापुरात कुणी पाहिलीय?