सोनोग्राफीचा एक वर्षाचा डिप्लोमा करू द्यावा का?

केज तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक लातूरला बारावीत, नीटचा क्लास चालू. मोठ्या बहिणीच्या सोनोग्राफीला सोबत गेली, तेव्हापासून त्या मशीनचंच बोलते. डॉक्टरांना विचारलं म्हणे, "आवाजाचं चित्र होतं कसं?" आता ओळखीतला एक जण सांगतो, एक वर्षाचा सोनोग्राफी डिप्लोमा करा, सेंटर टाकता येतं. दीड लाख भरू का?

भाऊ, भरू नका.

परदेशात डॉक्टर नसलेले सोनोग्राफर असतात, त्यावरून ही आमिषं चालतात. आपल्याकडे १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने (गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा तो) गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतो, तीही नोंदणी असलेल्या केंद्रातच. कायदा एवढा कडक का, हे बीडच्या माणसाला मी काय सांगू? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. इमेजिंगचा चांगला पदवी कोर्स केला तर एक्स-रे, सीटी, एमआरआयवर काम मिळतं, ते वाईट नाही. पण प्रोब (पोटावर फिरवतात तो मशीनचा भाग) हातात धरायचा तर एमबीबीएस आणि पुढे सोनोग्राफीचं शिक्षण; रेडिओलॉजिस्ट व्हायचं तर आणखी तीन वर्षं. लांबचा रस्ता आहे.

मला मात्र तिचा तो प्रश्न महत्त्वाचा वाटला. बहुतेक पोरं विचारतात, डॉक्टरला पगार किती.

तिला सांगा, प्रोबमधले स्फटिक विजेने थरथरतात, कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात. तो सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो आणि आतल्या थरांवर आपटून परत येतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला, त्यावरून खोली कळते. आडात हाक मारल्यासारखंच. आता काही प्रोबमध्ये स्फटिकच नसतात, चिपवरचे हजारो बारीक पडदे कंप पावतात, म्हणून मशीन खिशात मावतं आणि चित्र मोबाईलवर दिसतं. यकृत किती कडक झालंय तेही सुई न टोचता मोजता येतं. बाळाच्या डोक्याचं माप सॉफ्टवेअर आपणहून घेतं. यातलं बरंचसं काम इंजिनियर लोकांचं: इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर, बायोमेडिकल.

यासाठी घरदार सोडून लांब जायला नको. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनियरिंग कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन आहे, संभाजीनगरला सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आहे. सुरुवात सर्व्हिस इंजिनियर म्हणूनही होते. आपल्याकडची लाईट आणि हातातून पडणारे प्रोब पाहता त्याला काम कमी पडायचं नाही! (प्रोब हा मशीनचा सगळ्यात नाजूक भाग, आणि महागही.)

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. तिने गणित ठेवलंय का? लातूरला नीटवाली पुष्कळ पोरं बायोलॉजी धरून गणित सोडतात. ठेवलं असेल तर एमएचटी-सीईटीचे पीसीएम (गणितवाला) आणि पीसीबी (बायोलॉजीवाला) दोन्ही फॉर्म भरा, नीटही देऊ द्या. सोडलं असेल तर आजच फोन करून तिला विचारा, गणितासाठी एक वर्ष द्यायची तयारी आहे का, आणि ती काय म्हणते ते मला कळवा. दीड लाखवाल्याला तोवर काही बोलू नका.