इटलीच्या ज्युनियर जिमनॅस्ट मुली सिनियर गटात गेल्यावर टिकतात का?

2003 साली जन्मलेल्या चौघींचंच बघा ना: जॉर्जिया व्हिला, एलिसा इओरिओ आणि जुळ्या बहिणी आलिचे व आसिया दामातो. ज्या वर्षी मुलगी सोळाची होते, त्या वर्षापासून ती सिनियर. म्हणजे चौघी 2019 मध्ये एकदमच वर आल्या आणि त्याच वर्षी श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत इटलीला सांघिक कांस्य मिळालं, 1950 नंतर पहिल्यांदा!

खरा अडसर दुखापतींचा. जॉर्जिया 2018 च्या युवा ऑलिंपिकची सर्वांगीण (म्हणजे चारही प्रकारांचे गुण मिळून) विजेती, पण टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर घोटा दुखावला आणि ती घरीच राहिली. आसिया 2022 ची युरोपियन विजेती, त्याच स्पर्धेत व्हॉल्टवरून (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीवरून) उतरताना जायबंदी झाली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संघातही ती नव्हती.

बाकी तिघी होत्या. सांघिक रौप्य मिळालं. मग बीमच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या दिग्गज सिमोन बाइल्ससकट अनेक जणी पडल्या, आलिचे मात्र त्या दहा सेंटिमीटर रुंद पट्टीवर टिकली. 14.366 गुण आणि सुवर्ण.

म्हणजे टिकतात, पण चौघीच्या चौघी एकाच वेळी धडधाकट सापडणं कठीण.