वाचक विचारतात : स्वतःचे संकेतस्थळ, मोजक्या खर्चात

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझे ललित लेख एका संकेतस्थळावर ठेवावेत, अशी इच्छा आहे. ‘वर्डप्रेस फुकट असते’ असे एका परिचितांनी सांगितले, तर दुसऱ्यांनी त्याचे वार्षिक शुल्कच ऐकवले. यांतले खरे काय? संगणकाची भाषा मला येत नाही.

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. २००३ साली सुरू झालेले वर्डप्रेस हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. मात्र ते चालवण्यासाठी सर्व्हरवर भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, घ्यावे लागते. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा आहे. तिच्या मोफत योजनेत आपल्या पत्त्याला त्यांच्या नावाचे शेपूट लागते आणि पानांवर त्यांच्या जाहिराती दिसतात. हे नको असल्यास शुल्क भरावे लागते.

आपल्याला केवळ लेख प्रसिद्ध करायचे असतील, तर भाड्याच्या जागेवर स्वतःचे वर्डप्रेस बसवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ सॉफ्टवेअर, त्याचे प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-भाग) आणि थीम (रूप ठरवणारे साचे) वेळोवेळी अद्ययावत करण्याची जबाबदारी तेथे मालकाची असते, आणि जुन्या प्लगइनमधील त्रुटींतूनच अशा संकेतस्थळांत बहुधा शिरकाव होतो. आपल्या गरजेला १९९९ पासून चालत आलेले आणि २००३ पासून गूगलकडे असलेले ब्लॉगर पुरेसे आहे. त्याचे रूप थोडे जुनाट वाटेल, पण स्वतःचे डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा पत्ता, जोडण्यासाठी ब्लॉगर वेगळे शुल्क घेत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

खर्च करायचाच असेल, तर तो या डोमेनवर करावा. याहूने २००९ साली जिओसिटीज ही मोफत सेवा बंद केली, तेव्हा असंख्य लोकांची पाने आणि त्यांचे पत्ते एकदमच गेले. डोमेन आपले असेल, तर उद्या सेवा बदलली तरी वाचकांना पत्ता बदलून सांगावा लागत नाही. ते घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला न भुलता नूतनीकरणाचा दर पाहावा, आणि नोंदणी मदत करणाऱ्या भाच्याच्या ईमेलवर न करता स्वतःच्याच ईमेलवर करावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत सर्व लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय असते. तिचा उपयोग अधूनमधून करत राहावे.

प्रश्न : मला थोडेफार एचटीएमएल येते. दहा-बारा पानांचे साधे संकेतस्थळ स्वतः लिहिले आहे. ते आता कोठे ठेवावे? माझ्या संगणकावर सर्व नीट दिसते, पण एका चाचणी सर्व्हरवर चढवल्यावर काही छायाचित्रे दिसेनाशी झाली आणि एका पानावरील मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे उमटली.

उत्तर : आपल्या पानांना डेटाबेसची गरज नसल्यामुळे गिटहब पेजेस किंवा निओसिटीज या मोफत जागा देणाऱ्या सेवांपैकी काहीही चालेल. गिटहबच्या मोफत खात्यावर मूळ फाइली सर्वांना पाहता येतात, हे मात्र ध्यानात घ्यावे. प्रसिद्ध होणाऱ्या संकेतस्थळाला तेथे १ जीबीची मर्यादा आहे. आपल्यासारख्या कामाला ती संपता संपणार नाही.

छायाचित्रांची अडचण बहुधा नावांत असावी. विंडोजला लहान आणि मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांचा फरक जाणवत नाही, परंतु बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे तो काटेकोर पाळला जातो. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाशेवटी ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत लिहिले असेल आणि आपण पानात ते लहान अक्षरांत लिहिले असेल, तर सर्व्हरच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. म्हणून सर्व नावे लहान रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवावीत.

मजकुराचा दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीचा, दिसतो. ती फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत जतन झालेली आहे का, ते पाहावे. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड या मोफत संपादकांत खालच्या पट्टीवरच ते दिसते. पानाच्या ‘हेड’ भागात अगदी सुरुवातीला, ब्राउझरला ही पद्धत सांगणारी मेटा चारसेटची ओळही हवी. हे दोन्ही जुळले की मजकूर ठिकाणावर येईल. फाइल मुळात दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये जतन होऊन अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हेच साठली असतील, तर मात्र तो मजकूर पुन्हा टंकलिखित करण्यावाचून गत्यंतर नाही.

पाने वाढून प्रत्येकाचा मथळा आणि तळटीप हाताने बदलणे जिकिरीचे झाले, तर ह्यूगो किंवा जेकिल यांच्याकडे वळावे. साध्या मजकूर-फाइलींपासून ते संपूर्ण संकेतस्थळ तयार करून देतात. दहा-बारा पानांसाठी आजच ते शिकण्याची घाई नाही.

प्रश्न : होस्टिंग देणारी कंपनी सुरक्षा प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागते. ते घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : प्रमाणपत्र आवश्यक आहे, त्यासाठी पैसे देणे वैयक्तिक संकेतस्थळाला आवश्यक नाही. ते नसेल, तर ब्राउझर आपले संकेतस्थळ असुरक्षित असल्याची सूचना दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते आणि एनक्रिप्शनच्या, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात गुप्त ठेवण्याच्या, दृष्टीने ती विकतच्या प्रमाणपत्रांहून उणी नसतात. त्यांची मुदत थोडी असते, त्यामुळे नूतनीकरण सर्व्हरने आपोआप करणे अपेक्षित असते. ही सोय खात्याच्या नियंत्रण-पटलावर आहे का, असे कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आल्यास पुढील वर्षाचे भाडे भरण्यापूर्वी दुसरी कंपनी पाहावी.