मेस्त्री, एक विचारू? : या वेळी कॅमशाफ्टची पत्रं

प्रश्न : माझा भाचा मिशिगनला नोकरीला आहे. त्यानं १९७२ सालची शेवरोले कॅमेरो घेतलीय, ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. आता त्यात ‘परफॉर्मन्स कॅम’ टाकायचं त्याच्या डोक्यानं घेतलंय. त्याची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. साडेपाचला फोन वाजतो आणि ‘मामा, हे बघा’ सुरू होतं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला इंजिनातलं काय कळणार? कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा कॅम घ्यायचा म्हणतोय. तुम्ही आखातात अमेरिकन गाड्या उघडल्यात, म्हणून विचारतो. घरच्या गॅरेजात हे जमेल का? आणि काय सांभाळायचं?
– एक वाचक, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : जमेल. काम अवघड नाही, किचकट आहे. पण आधी भाच्याला म्हणावं, कॅटलॉगचं शेवटचं पान मिटून ठेव. कॅम म्हणजे इंजिनातला फिरता दांडा. त्यावरचे अंडाकृती उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेट नावाच्या ठोकळ्यांना उचलतात आणि पुशरॉड व रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात : मिश्रण आत घेणारा इनटेक, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट.

कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सनं १९७१ पासून आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबायचं प्रमाण, उतरवलं. ७२ च्या साध्या ३५० चं साडेआठाला एक आहे. कॅम मोठा म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो आणि जास्त वेळ उघडा राहतो. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक अजून मिटलेला नसतो. इंजिन पळत असताना हवेला स्वतःचा रेटा असतो, ती आत घुसतच राहते. फायदा होतो तो तिथं. सिग्नलवरून उठताना मात्र तोच पिस्टन भरलेलं मिश्रण मॅनिफोल्डात, म्हणजे ते आत येतं त्या नळ्यांत, परत ढकलतो. आधीच कॉम्प्रेशन कमी, त्यात ही गळती. गाडी मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढं उडते आणि दोन हजारच्या आत रडते. आणि रस्त्यावर माणूस बहुतेक वेळ दोन-अडीच हजारातच असतो.

त्याच्या गाडीला माझा सल्ला असा. ५० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टवर मोजलेली ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहायचा काळ, २१० ते २२० अंश, लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्हची उचल ४५० थाऊच्या आसपास, लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधलं अंतर, ११० ते ११२ अंश. यापुढं गेला की कॅमच्या मागं वरात निघते. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर बदला, मागचा गिअर रेशो बदला, कार्ब्युरेटर बदला. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, आणि पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. पाय दाबला आणि पेडल दगडासारखं लागलं, तर वाढलेले हॉर्सपॉवर काय चाटायचे आहेत?

कॅमबरोबर टॅपेट नवे घ्यायचे, यात घासाघीस नाही. हे फ्लॅट टॅपेट. दिसायला सपाट, पण तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोब एक-दोन थाऊ तिरका घासलेला असतो. त्यामुळं टॅपेट वर-खाली होता होता स्वतःभोवती फिरतो, एकाच जागी झिजत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबशी जुळून बसलेला असतो. नव्या लोबवर ठेवलात तर फिरणार नाही, आणि फिरला नाही की दोघंही गेले. व्हॉल्व्ह स्प्रिंगही कॅमच्या शिफारशीप्रमाणंच घ्यायच्या. जुन्या स्प्रिंगा जास्त लिफ्टला वेटोळ्यावर वेटोळं चढून बसतात, मग पुशरॉड वाकतो.

आता उघडताना. रेडिएटर, वॉटर पंप, मॅनिफोल्ड हे ओघानं येतंच. पुढची बॅलन्सर पुली काढायला बाहेरच्या कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर लावू नये. आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, ते सुटतं. मधल्या भोकांत बोल्ट लावून ओढणारा पुलर मिळतो, तोच वापरायचा. पेट्रोल पंपही आधीच काढायचा, कारण त्याचा दांडा कॅमवरच्या एका लोबवर टेकलेला असतो. डिस्ट्रिब्युटर काढल्याशिवाय कॅम हलायचा नाही, त्याचे दाते कॅमच्या मागच्या दात्यांत अडकलेले असतात. कॅमच्या तोंडाशी तीन भोकं आहेत, त्यांत लांब बोल्ट फिरवायचे आणि त्यांना धरून कॅम सरळ रेषेत, दोन्ही हातांनी तोलत बाहेर घ्यायचा. आत पाच बेअरिंग आहेत. लोबची धार एखाद्यावर घासली तर मऊ धातूवर ओरखडा उठतो आणि तो पुसता येत नाही.

नवा कॅम घालताना लोबवर मॉलीची काळी पेस्ट भरपूर, जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर, साधं इंजिन ऑईल. मग टायमिंग चेन. क्रँकच्या चक्रावरचा ठिपका वर, कॅमच्या चक्रावरचा खाली, दोन्ही समोरासमोर. इथं भलेभले फसतात. ठिपके समोरासमोर आले म्हणजे एक नंबरचा सिलिंडर फायरिंगला आला, असं धरून डिस्ट्रिब्युटर बसवतात. या इंजिनात त्या घडीला फायरिंगला असतो सहा नंबर. एक नंबर तेव्हा एक्झॉस्ट संपवून इनटेक उघडायच्या बेतात असतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ लिहून भिंतीवर लावा. या क्रमात एक आणि सहा समोरासमोरचे भिडू आहेत. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, एक नंबर फायरिंगला येतो, मग डिस्ट्रिब्युटर बसवा. नाहीतर इंजिन कार्ब्युरेटरमधून ठो ठो आवाज काढतं आणि माणूस कॅमला शिव्या घालत बसतो.

ठिपक्यांवर विसंबूनही थांबू नका. डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, क्रँकला लावायचं, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवायचा. एका बाजूनं पिस्टन टेकेपर्यंत फिरवून आकडा घ्यायचा, मग उलट्या बाजूनं. दोहोंचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. मग डायल गेज इनटेक टॅपेटवर ठेवून सगळ्यात उंच बिंदूच्या अलीकडं आणि पलीकडं ५० थाऊ खाली कुठं येतं ते बघायचं. त्या दोहोंचा मध्य कॅमबरोबरच्या कार्डावरल्या आकड्याशी जुळला पाहिजे. चार अंशांचा फरक असला तर चेनच्या सेटमधल्या दुसऱ्या खाचेत बसवून बघता येतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही तपासा : पिस्टनवर खेळण्यातल्या मऊ मातीचा गोळा ठेवायचा, हेड बसवून दोन फेरे हातानं फिरवायचे, हेड काढून गोळा कापायचा आणि जाडी मोजायची. इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ हवेत. याला एक दिवस जातो. जाऊ दे.

टॅपेट हायड्रॉलिक, तेलाच्या दाबानं फट आपोआप भरणारे, म्हणजे फट मोजायच्या फिलर गेजचं काम नाही. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करायचा, आणि इनटेक मिटत आला की एक्झॉस्ट. रॉकरचा नट हळूहळू आवळत पुशरॉड चिमटीत धरून वर-खाली करून बघा. वर-खालचा खेळ संपला ती शून्य जागा. तिथून अर्धा फेरा आणि बस. बरेच जण पुशरॉड गोल फिरवून अंदाज घेतात. तेल लागलेला रॉड जास्त आवळला तरी फिरतच राहतो, म्हणून मी तो अंदाज मानत नाही.

आणि आता खरी परीक्षा : पहिली वीस मिनिटं. डिस्ट्रिब्युटर बसवायच्या आधी त्याच्या भोकातून प्राइमिंग रॉड घालून ड्रिल मशीननं ऑईल पंप फिरवायचा, रॉकरपर्यंत तेल दिसेपर्यंत. मग टायमिंग अंदाजे बरोबर ठेवून, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून, पहिल्या-दुसऱ्या सेल्फला इंजिन उठलंच पाहिजे. सेल्फ मारत बसलात की पेस्ट पुसून जाते. उठलं की सरळ दोन हजारावर न्यायचं आणि दोन ते अडीच हजारात वर-खाली करत वीस-तीस मिनिटं ठेवायचं. आयडलिंगला सोडायचं नाही. कारण या इंजिनात लोबवर तेल पडतं ते मुख्यतः क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि सावकाश फिरणारा क्रँक शिंतोडे उडवत नाही. पाणी गळालं तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा तेवढ्याच वेगावर न्या. दुहेरी स्प्रिंग असतील तर या वेळेपुरती आतली काढून ठेवलेली बरी.

तेलाबद्दल एक सांगतो, पुष्कळांना माहीत नसतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून आताच्या तेलांत जस्त-फॉस्फरसची मात्रा कमी केलीय. फ्लॅट टॅपेटला जगवते तीच मात्रा. ब्रेक-इनचं वेगळं तेल मिळतं, ते घ्यायचं, वीस मिनिटांनंतर तेल आणि फिल्टर बदलायचा आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडून उन्हात बघायची. किंचित राखाडी चालेल. चकचकीत कण दिसले तर पुन्हा उघडा.

प्रश्न : मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर आहे. कॅमचा लोब इतका कठीण आणि मधला दांडा सहज मशीन होतो. एकाच ओतकामात दोन जातीचं लोखंड कसं?
– एक वाचक, शिरोली पुलाची

उत्तर : वा, हे पत्र आपल्या गावाचं. लोखंड एकच, थंड व्हायचा वेग वेगळा. वाळूच्या साच्यात जिथं लोबचं टोक येणार तिथं लोखंडी चिल, म्हणजे उष्णता खेचणारा तुकडा, बसवतात. तप्त रस चिलला लागला की त्याची उष्णता झटक्यात खेचली जाते आणि कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी जुळून कार्बाइड होतो. तोडून बघितलंत तर तिथला काप पांढरा, कठीण. वाळूला लागलेला भाग सावकाश थंड होतो, तिथं ग्राफाइटच्या पाकळ्या होतात आणि काप करडा, टूल छान चालतं. तुम्ही चिल गंजलेलं किंवा ओलं बसवलंत तर वायू होऊन लोबवरच भोक पडेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळेच कॅम असे नसतात. काही साध्या कास्ट आयर्नचे ओतून नंतर लोब इंडक्शननं कठीण करतात, आणि रोलर टॅपेटसाठी पोलादाचे असतात. चिल्ड कास्ट कॅमचं काम आपल्या सोलापुरातही मोठ्या प्रमाणावर चालतं, संधी मिळाली तर एकदा बघून या.

प्रश्न : माझ्याकडं कॉन्टेसा क्लासिक आहे, पेट्रोल १.८ इसुझू. आमच्या ग्रुपमध्ये हिला भारताची मसल कार म्हणतात. बाहेरचा कॅम मिळत नाही, तर आहे तोच घासून ‘रेसिंग प्रोफाइल’ करून देतो असं एकजण म्हणाला. करू का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : रूप बघितलं तर म्हणतात ते खरं, लांब नाक, रुंद खांदे, व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्सचा सांगाडा. पण १८१७ सीसी आणि ८८ हॉर्सपॉवर हे व्ही-८ चं पोट नाही. घासून कॅम करतात म्हणजे लोबला धातू चढवत नाहीत, लोबचा बुंधा बारीक करतात. तळ कमी झाला की टोक तुलनेनं उंच ठरतं. कागदावर लिफ्ट वाढली. पण रॉकरचा टेकायचा कोन बदलतो, टॅपेट स्क्रू खूप खाली उतरवावा लागतो, आणि घासताना कठीण थर पार गेला तर थोड्याच किलोमीटरमध्ये लोब चपटा होतो. घासणाऱ्याकडं काम संपल्यावर लोबची कठीणता मोजायची सोय आहे का, हे आधी विचारा. उत्तर देताना तो रंकाळ्याकडं बघायला लागला तर कॅम उचलून घरी या.

त्या आधी कॉम्प्रेशन चारी सिलिंडरला सारखं आहे का, चेन सैल झालीय का, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स हलतो का, कार्ब्युरेटरचे जेट स्वच्छ आहेत का, हे बघा. जुन्या कॉन्टेसाचा हरवलेला पिकअप बहुतेकदा यातच सापडतो.

प्रश्न : मोठा कॅम टाकलेली अमेरिकन गाडी उभी असताना ‘भडक-भडक’ असा तुटक आवाज करते, तो फार आवडतो. आमच्या घरच्या ॲम्बॅसेडर डिझेलला कॅम बदलून तसा आवाज काढता येईल का? आवाजासाठीच करायचंय, वेग नको.
– एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर : नाही. तो आवाज ओव्हरलॅपचा. इनटेक आणि एक्झॉस्ट काही अंश एकाच वेळी उघडे राहतात, सावकाश फिरताना जळका धूर इनटेकमध्ये शिरतो, एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, पुढचा पेटतो, म्हणून तो तुटक ठेका. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेट घेतं. मोठ्या कॅमनं इनटेक उशिरा मिटला की तो दाबच कमी पडतो, आणि जानेवारीत पहाटे गाडी सुरू करायला अख्खी आळी ढकलायला लागेल. आपल्या न्यू पॅलेसची मेबॅक दसऱ्याला गर्दीतून कशी सावकाश, न अडखळता चालते ते बघा. उभ्या गाडीनं तसंच चालावं म्हणून कारखान्यांनी जन्म घालवला. वडिलांची ॲम्बॅसेडर आहे ना? मग आधी तिचे माउंटिंग रबर तपासा, निम्मी ‘भडक-भडक’ तिथूनच येत असेल.