एका जिवाणूवर करिअर होतं का?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करते आहे, दुसऱ्या वर्षाला आहे. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूबद्दल वाचल्यापासून त्यावरच काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, एका जिवाणूच्या भरवशावर नोकरी कोण देणार? काय करू?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. ‘पायलोरी तज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात सहसा निघत नाही. पण हा जिवाणू कुठे आणि कसा राहतो ते नीट बघ, म्हणजे कामं कुठे आहेत तेही दिसेल.

जठरातल्या आम्लात बहुतेक जिवाणू मरतात. हा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू तिथेच मुक्काम ठोकतो. त्याचं युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियाचं विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अमोनियामुळे त्याच्याभोवतीचं आम्ल सौम्य होतं. पिळदार शरीर आणि एका टोकाच्या शेपटीसारख्या कशाभिका यांच्या जोरावर तो जठराच्या आतल्या श्लेष्माच्या (चिकट स्रावाच्या) थरात शिरतो नि पेशींलगत, जिथे आम्लता कमी असते, तिथे राहतो. श्वासाची चाचणी याच विकरावर उभी आहे. रुग्णाला कार्बन-13 (कार्बनचा वेगळा ओळखता येणारा, जड प्रकार) असलेला युरिया देतात. जिवाणू असेल तर तो कार्बन उच्छ्वासात सापडतो. असे निदान-संच बनवणाऱ्यांना हे रसायन समजणारी माणसं लागतात.

दुसरं काम म्हणजे त्याला वाढवणं, आणि ते खरोखर चिकाटीचं आहे. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या कॉलनी (नुसत्या डोळ्यांना दिसणारे पुंजके) एका रात्रीत दिसतात. याला कमी ऑक्सिजन, भरपूर ओलावा, रक्त घातलेलं माध्यम आणि कित्येक दिवस लागतात. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या कामात जिवाणू वाढवायच्या प्लेट दोन दिवसांनी टाकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत त्या इन्क्युबेटरमध्येच राहिल्या आणि कॉलनी दिसल्या. पुढे 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

तिसरं, प्रतिजैविकांना न जुमानणं. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा पायलोरी जागतिक आरोग्य संघटनेच्या, नवी औषधं हवी असलेल्या जिवाणूंच्या 2017 च्या प्राधान्य यादीत होता. जनुकं वाचायची आवड असेल तर इथे बरंच काम शिल्लक आहे.

तेव्हा पदव्युत्तर शिक्षण वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात घे आणि प्रबंध पायलोरीवर कर. तिथे शिकलेली तंत्रं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, औषध कंपनीत, संशोधन संस्थेत सगळीकडे चालतात. घरच्यांना हेच सांग, त्यांना पटेल.

फक्त हौसेपोटी कॉलेजात त्याची वाढ करायला जाऊ नकोस. तो रोगकारक आहे, जैवसुरक्षा पातळी 2 ची, म्हणजे रोगजंतू सुरक्षितपणे हाताळायची सोय असलेली प्रयोगशाळा लागते. सुट्टीतल्या इंटर्नशिपचे अर्ज आत्ताच पाठव. त्यात ‘पायलोरी आवडतो’ असं लिहू नकोस. कमी ऑक्सिजनमध्ये जिवाणू वाढवायला शिकायचं आहे, असं स्पष्ट लिही.