नळाचं पाणी जड, सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजेना

प्रश्न : ताई, नमस्कार. अमरावती जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. नळ दोन दिवसाआड येतो. पावसाळ्यात पाणी गोड असतं पण मार्च लागला की तुरीची डाळ सहा शिट्ट्या घेऊनही कचकच लागते, साबणाला फेस नाही, माठाला बाहेरून पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं, गीझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा बदलली. परवा आरओ विकणारा दारात आला, मीटर बुडवून ९४० आकडा दाखवला, मग दोन सळ्यांचं यंत्र घातलं तर पाणी लाल-काळं झालं आणि त्याच्या बाटलीतलं तसंच स्वच्छ! म्हणाला मुतखडा होणार, मशीन घ्या. सासूबाई घाबरल्यात. काय करू?

उत्तर : आधी त्या सळ्यांचं सांगते, कारण माझी पाण्याच्या लॅबमध्ये नोकरी झाली आणि ही जादू मी इतक्यांदा पाहिलीय की आता हसूही येत नाही. त्या सळ्यांतली निदान एक तरी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, सळी झिजते आणि जो लाल चोथा दिसतो तो त्या सळीचाच गंज असतो, तुमच्या नळातून आलेला नाही. त्याच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, करंट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी आला तर त्याच्याच बाटलीत चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव यंत्र.

मीटरचा आकडा खरा असेल, पण तो मीटर पाण्यातून वीज किती जाते ते मोजून सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती, मीठ किती हे कळत नाही आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, २०१२ चं) एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत असं आहे, जडपणाला (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला) तेच आकडे २०० आणि ६००. म्हणजे ९४० काही विष नाही, पण छानही नाही.

डाळ का शिजत नाही? जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याला घट्ट बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) धरून बसतं, दाणा मऊ व्हायलाच तयार होत नाही. माझ्या आजोळी वरणाला एका ठरावीक विहिरीचं पाणी आणायचे, घरच्या विहिरीचं नाही. आजीला कॅल्शियम माहीत नव्हतं पण विहीर माहीत होती. तुम्ही डाळ रात्री भिजत घाला, शिजवायला उकळून गार केलेलं वरचं निवळ पाणी घ्या, कारण उकळल्यावर जडपणाचा एक भाग तळाला पांढरा साका होऊन बसतो (सगळा नाही बसत, सल्फेट-क्लोराइडवाला राहतो). खायचा सोडा अगदी चिमटीभर, रोज नको, डाळीतलं बी वन जीवनसत्त्व जातं. गीझर ५०-५५ डिग्रीवर ठेवा, जास्त तापवलं की थर भराभर धरतो. बादलीला, नळाच्या जाळीला धरलेला थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की सुटतो.

आता मुतखडा. जड पाण्याने खडे होतात असं ठामपणे म्हणता येत नाही, उन्हाळ्यात पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण. पण तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या, म्हणून एक वेगळी गोष्ट बघा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे, ते नुसतं जड नाही, त्यात मिठाचं सोडियम आहे. मार्चनंतर चव बदलते म्हणजे बहुतेक धरणाचं पाणी कमी पडल्यावर बोअरचं मिसळत असणार. तुमच्या नगरपालिकेत जाऊन कोणत्या महिन्यात कुठलं पाणी सोडतात एवढंच विचारा. जिभेला खारट लागत असेल तर प्यायच्या पाण्यापुरता आरओ घ्यायला हरकत नाही, त्यातही सासूबाईंना बीपी असेल तर नक्कीच, डॉक्टरांनाही सांगा. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) मात्र पिण्यासाठी नको, तो कॅल्शियम काढून बदल्यात सोडियमच देतो. कपडे-अंघोळीला ठीक.

आणि मशीन घेण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅबमध्ये नमुना द्या. नायट्रेट (लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको) आणि फ्लोराइड (१, फार तर दीड मिलिग्रॅम) हे दोन आवर्जून बघायला सांगा, दोन्हींना रंग नाही चव नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. जंतूंच्या तपासणीला लॅबचीच निर्जंतुक बाटली घ्या, कोल्ड्रिंकची धुतलेली चालत नाही.

प्रश्न : नळाला टीसीएल पावडरचा (पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचा) वास येतो, मुलं पाणी पीत नाहीत. तुरटी फिरवली तर जाईल का?

उत्तर : नाही जाणार. तुरटी गाळ खाली बसवते, क्लोरीन घालवत नाही आणि जडपणाही कमी करत नाही. पाणी झाकून दोन-चार तास ठेवा, वास उतरतो. पण वास येतोय याची मला तरी चिंता नाही, नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवं, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन औषधाचे) थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं ना, तेच बघतात. मी घाबरते ते रोज वास येणाऱ्या नळाचा वास अचानक बंद झाला की. पाणी दोन दिवसांनी येतं तेव्हा मधल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून नळ आल्यावर पहिली बादली संडासला. त्यातून गढूळ किंवा वासाचं आलं तर पिण्याचं पाणी उकळूनच.

प्रश्न : आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू का?

उत्तर : तुमच्याकडचं पाणी आधीच खारं असेल तर रोज नको, कुंडीतली माती पांढरी पडते. फरशी पुसा, संडासात ओता.