आधी कागद, मग साहेबांची मुलाखत

तुम्ही विचारलंय की वाणिज्य शाखेची पदवी आहे, लिहायची आवड आहे, तर छोट्या गुंतवणूकदारांसाठी शेअर बाजारातल्या कंपन्यांवर लिहायला सुरुवात कशी करावी; आणि पत्रकाराने स्वतः शेअर्स ठेवले तर चालतं का.

तिमाही निकाल आले की कंपनीचं प्रसिद्धिपत्रक सगळ्यात शेवटी वाचा. त्यात पहिल्याच ओळीत 'विक्रमी' असतं आणि ते डोक्यात बसलं की बातमी त्याच वाटेने जाते. आधी कॅश फ्लोचा, म्हणजे रोकड कुठून आली-कुठे गेली याचा तक्ता उघडा. नफा वाढतोय पण धंद्यातून रोकड येत नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) आणि मालाचा साठा तपासा. विक्री दाखवलीय ना, मग पैसे कोणाकडे अडकलेत? त्यानंतर हिशेबाच्या टिपा: प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार, दिलेल्या हमी, गुपचूप बदललेली घसाऱ्याची (यंत्रं-इमारतींची झीज खर्चात धरण्याची) पद्धत. ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर बातमी तिथेच असू शकते. (दरवर्षी न चुकता येणारा 'एकवेळचा खर्च' हा माझा खास लाडका प्रकार.)

एवढं झाल्यावरच व्यवस्थापनाला फोन करा, आणि प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारा. अमेरिकेतली ऊर्जा कंपनी एन्रॉन नेमके पैसे कमावते कशी, असा साधा प्रश्न पत्रकार बेथनी मॅक्लीन यांनी मार्च २००१ मध्ये 'फॉर्च्यून' नियतकालिकात मांडला होता. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. इतक्या लवकर सोक्षमोक्ष क्वचितच लागतो. जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या हिशेबांवर 'फायनान्शियल टाइम्स' २०१५ पासून लिहीत होता. २०१९ मध्ये जर्मन नियामकाने उलट त्याच्याच पत्रकारांविरुद्ध तक्रार केली. खात्यात दाखवलेले १.९ अब्ज युरो बहुधा नाहीतच, हे कंपनीने कबूल केलं जून २०२० मध्ये. तोवर तग धरायचा तर प्रत्येक आकड्याचा कागद जपलेला हवा, आणि छापण्याआधी कंपनीकडे लेखी खुलासा मागितलेला हवा.

शेअर्सचं म्हणाल तर ज्या कंपनीवर लिहिता तिचे नकोतच. इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटणारा फंड) ठेवा, घरच्यांच्या गुंतवणुकीचीही संपादकांना कल्पना द्या. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे फॉस्टर विनन्स शेअर्सवरच्या आपल्या सदरात काय येणार ते ब्रोकरला आधीच सांगायचे, म्हणजे त्याला छापून येण्याआधी सौदे करता यायचे. त्यांची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कायम केली.

सरावासाठी एकच कंपनी निवडा. तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल जुन्याकडून नव्याकडे वाचा आणि अध्यक्षांनी भागधारकांना दिलेलं प्रत्येक आश्वासन पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहा.